पाठीसाठी पंधरा मिनिटे : चीनमधील 'छीगोंग'चा घरगुती अभ्यास



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, खोडवा व्यवस्थापन आणि खताच्या मात्रा यांविषयी लिहितो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. प्लॉट पाहणीला गेलो की उसाबरोबर दुसरीही एक तक्रार हमखास कानी पडते, ती म्हणजे कंबर धरली, मान आखडली. लागण वाकून, खुरपणी वाकून, मोळी डोक्यावर. आमचेही तेच झाले. वर्षानुवर्षे मोटारसायकलवर गट फिरून कंबर अशी धरली की सकाळी बूट घालायला दुसऱ्याची मदत लागे. डॉक्टरांनी तपासून सांगितले, "हाड शाबूत आहे, पण अंग हलते ठेवा." पण करायचे काय, हे नीट उमगले नाही.

पुढे आमच्या एका सभासदाचा मुलगा चीनमध्ये डॉक्टरकी शिकून गावी आला. त्याने घराच्या ओट्यावरच आम्हाला काही हालचाली करून दाखविल्या. त्या आम्ही नेमाने करीत आहोत, म्हणून हा पाठ.

छीगोंग म्हणजे काय?

चिनी भाषेत 'छी' म्हणजे श्वास, प्राणशक्ती आणि 'गोंग' म्हणजे सरावाने साधलेले काम. सावकाश हालचाल, शांत श्वास आणि त्यावर लक्ष, या तिन्हींचा मेळ म्हणजे छीगोंग. छी शरीरातील वाटांनी फिरते, ती अडली की दुखणे येते, असे जुने चिनी वैद्यक मानते. पाटात गाळ साचला की पाणी पुढे जात नाही, तशीच ही कल्पना समजा. आजच्या शास्त्राला अशा वाटा सापडलेल्या नाहीत. मात्र सांधे मोकळे होणे, तोल सुधारणे, मन निवणे हे फायदे समजायला त्या वाटा मानण्याची गरज नाही.

ही विद्या जुनी आहे. चीनच्या हुनान प्रांतात छांगशा शहराजवळ मावांगदुई येथे १९७३ साली एक थडगे उकरले गेले. ते इ. स. पूर्व १६८ मध्ये बंद झालेले होते. त्यात रेशमी कापडावर व्यायाम करणाऱ्या ४४ आकृती रंगविलेल्या सापडल्या. त्यांत पुरुष आहेत तशा बायकाही आहेत. तेव्हा हे तालमीतल्या पोरांपुरतेच आहे असे समजू नये. 'छीगोंग' हे नाव मात्र १९५० नंतरच सर्वत्र रूढ झाले.

आज नवशिक्यांत 'बा-दुआन-जिन' हा प्रकार फार चालतो. त्याचा अर्थ किनखाबाचे आठ तुकडे, म्हणजे आठ हालचाली. त्यांपैकी सोप्या चार येथे देतो.

तयारी : पाय खांद्याइतके फाकवून उभे राहा. गुडघे किंचित सैल, पाठ सरळ, खांदे खाली सोडलेले. श्वास नाकाने. आत घेताना पोट फुगू द्या, सोडताना आत जाऊ द्या. जोर लावायचा नाही. दोन मिनिटे असेच उभे राहा.

१) आभाळ पेलणे : बेंबीसमोर दोन्ही हातांची बोटे गुंतवा, तळवे वर. श्वास घेत हात छातीपर्यंत आणा, तळवे उलटे करून डोक्यावर आभाळाकडे रेटा. क्षणभर ताण घ्या. श्वास सोडत हात बाजूंनी खाली आणा. ६ वेळा.

२) धनुष्य ओढणे : डावा पाय बाजूला टाका, झेपेल तेवढेच गुडघे वाकवा. मनगटे छातीसमोर एकमेकांवर आणा. डावा हात डावीकडे ताणा, तर्जनी उभी. उजव्या हाताने दोरी ओढल्यासारखी मूठ उजव्या खांद्याशी आणा. नजर तर्जनीवर. परत मध्ये येऊन दुसरी बाजू. दोन्ही बाजूंना ३-३ वेळा.

३) मागे वळून पाहणे : हात खाली, तळवे बाहेर वळवा. कंबर न फिरवता मान सावकाश डावीकडे वळवून मागे पाहा. मध्ये या, मग उजवीकडे. ३-३ वेळा. झटका देऊ नये.

४) टाचा उचलणे : पाय जुळवून टाचा उचला, क्षणभर थांबा, श्वास सोडत टाचा अलगद टेकवा. ७ वेळा. म्हाताऱ्या माणसांनी भिंतीला हात लावून करावे, पडले तर भलतेच होऊन बसेल.

शेवटी दोन्ही तळवे बेंबीवर ठेवून मिनिटभर शांत उभे राहा. सारे मिळून पंधरा मिनिटे. सकाळी जेवणाआधी करणे बरे. रात्रपाळीचे पाणी देऊन आला असाल तर आधी झोप काढा.

काही खबरदारी :

* श्वास कोंडून धरू नये, विशेषतः रक्तदाब असणाऱ्यांनी.
* चक्कर आली किंवा दुखणे वाढले तर तिथेच थांबा.
* हर्निया, नुकतेच ऑपरेशन, गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
* साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या बंद करू नका. छीगोंगने असाध्य रोग बरे होतात असे दावे चीनमध्येही झाले आहेत, त्यांना भुलू नये.
* कंबरेची कळ पायात उतरते, पाय बधिर पडतो, लघवी अडते किंवा नकळत होते, अशी लक्षणे असल्यास व्यायाम नको, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आमचा अनुभव विचाराल तर पहिल्या आठवड्यात काहीच फरक जाणवला नाही आणि सोडून द्यावेसे वाटले. दीड महिन्याने बूट मात्र आमचे आम्ही घालू लागलो. कंबर पूर्ण बरी झाली असे म्हणणार नाही, जास्त गाडी चालवली की अजून बोलते. लागणीनंतर फुटवे दिसायलाही दिवस जातात, तेवढा धीर इथेही धरावा.

एक विनंती. घरात खुरपणी आणि भांगलणीला ज्या वाकतात, त्या माय-भगिनींना हा पाठ वाचून दाखवा आणि त्यांच्यासोबत करा. त्यांची कंबर आपल्या आधी धरलेली असते, त्या बोलत नाहीत एवढेच. काही अडले तर गट ऑफिसात या, समोर उभे राहून करून दाखवू.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग