मीटर खरा की सरकारी केंद्र?

प्रश्न : हवेची गुणवत्ता दाखवणारा छोटा मीटर घरी आणला आहे. थंडीत पहाटे धुकं पडलं की त्यातला पीएम २.५चा आकडा एकदम चढतो. जवळच्या सरकारी केंद्राचा आकडा मात्र बराच कमी असतो. खरं कुणाचं मानायचं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी दोन्हीकडे माप एकच आहे ना, ते बघा. घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम पीएम २.५ असेल, तर भारतीय एक्यूआय, म्हणजे हवा गुणवत्ता निर्देशांक, १०० येतो. अमेरिकी पद्धतीने तोच दीडशेच्या वर जातो. बरेच मीटर अमेरिकी पद्धतच वापरतात. शिवाय आपला निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर काढतात. मीटर त्या क्षणापुरतं सांगतो.

माप जुळूनही फरक उरला, तर तो यंत्रांच्या आतला. तुमचा मीटर कणांचं वजन करतच नाही. छोटा पंखा हवा आत ओढतो, कण लेझरच्या झोतातून जातात आणि बाजूचा सेन्सर त्यांची चमक टिपतो. कवडशात धूळ दिसते, तसंच. चमकेवरून आकार ठरवायचा, घनता गृहीत धरायची आणि वजनाचा अंदाज बांधायचा, असा हा कारभार. धुक्यात सल्फेट-नायट्रेटचे कण पाणी शोषून फुगतात, जास्त चमकतात. मीटर ते पाणीही प्रदूषणाच्या खात्यात जमा करतो.

केंद्रांवर बहुधा बीटा किरणांचं यंत्र असतं. हवा गरम नळीतून आत येते, त्यामुळे ओलावा बराचसा उडून जातो. मग कण फिल्टरच्या फितीवर साचतात. कण साचण्याआधी आणि नंतर फितीतून किती बीटा किरण आरपार जातात, या फरकावरून वजन निघतं. यंत्र महागडं, पण आकडा भरवशाचा.

म्हणून मीटर अडगळीत टाकू नका. संशोधकही असे स्वस्त सेन्सर काही आठवडे केंद्राशेजारी ठेवतात आणि तापमान, आर्द्रता लक्षात घेऊन आकडे दुरुस्त करतात. तुम्ही आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असताना दिसणारा आकडा चढा समजा. कोरड्या दुपारी मीटर बाहेर ठेवून केंद्राशी ताडून पाहा. घरात मात्र त्याचा खरा उपयोग चढउतार बघायला. फोडणीनंतर किंवा उदबत्ती लावल्यावर आकडा किती उसळतो आणि एक्झॉस्ट फॅन लावल्यावर किती वेळात उतरतो, एवढं तो नीट सांगेल.