बुरुडाची टोपली

हिमालयाच्या उंच प्रदेशांत भूर्ज नांवाचा वृक्ष होतो. त्याची साल कागदासारखी पापुद्र्यापापुद्र्यांनीं सुटते. तिच्यावर पूर्वीं पोथ्या लिहीत, डॉ. ब्यूलर यांनीं १८७५ च्या काश्मीर दौऱ्यांत मिळविलेली शारदा लिपींतील ऋग्वेदाची अशी एक पोथी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत आहे. उत्तर अमेरिकेंतील आदिवासींनीं व रशियांतील खेडुतांनीं याच जातीच्या वृक्षांच्या सालीच्या टोपल्या आणि पाणी न गळणारीं भांडीं केलीं. आमच्या महाराष्ट्रांत भूर्ज होत नाहीं. येथें तें काम बांबूवर पडलें, आणि बांबू आमच्या बुरुडांनीं हातीं धरला.

बुधवार पेठेंतील तुळशीबागेंत भातुकलीच्या भांड्यांपुढें मुलें थबकतात. जवळच्याच मंडईंत भाजी ज्या टोपलींत असते तिच्याकडे मात्र सहसा कोणी पाहात नाहीं. वस्तुतः पाहण्यासारखें तिच्यांत पुष्कळ आहे.

फार कोवळा बांबू सुकल्यावर आक्रसतो, फार जून झालेला वांकवितांना तडकतो. म्हणून निवड हीच पहिली विद्या. हिरवा बांबू कोयत्यानें उभा चिरून त्याच्या कामट्या करितात, व पुढें त्यांच्या पातळ पट्ट्या सोलतात. बाहेरच्या सालीची पट्टी चिवट, आंतल्या गराची नरम. जेथें भार पडावयाचा तेथें पहिली घालावी. गरांत पिष्टमय द्रव्य असतें. त्यासाठीं भुंगे लागतात आणि बांबूचें पीठ सांडूं लागतें. बांबू कांहीं दिवस पाण्यांत बुडवून ठेविला म्हणजे तें द्रव्य बरेंच निघून जातें.

आतां गणिताची गोष्ट. तळ विणून झाल्यावर कामट्या वर वळवितात आणि एक पट्टी एकीच्या पुढून, दुसरीच्या मागून अशी फिरवितात. उभ्या कामट्या समसंख्य असल्या, समजा आठ, तर दुसऱ्या फेऱ्यांतही पट्टी त्याच कामट्यांच्या पुढून जाईल व वीण बसणार नाहीं. नऊ असल्या तर प्रत्येक फेऱ्यांत जागा आपोआप पालटते. सम संख्याच ठेवावयाची तर दोन पट्ट्या घ्याव्या लागतात. विद्यार्थ्यांनीं पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून हा प्रयोग घरीं अवश्य करून पाहावा.

भूर्जाचें भांडें पाणी धरतें. रोवळीचा गुण तें सोडण्यांत आहे. तांदूळ धुतले कीं पाणी निथळतें, दाणा राहतो. सुपाची वीण मात्र घट्ट हवी, कारण पाखडतांना कोंडा तेवढा पुढें उडावयाचा असतो.

एवढी विद्या जाणणाऱ्यास मोबदला कितीसा मिळतो? लग्नकार्यांत व गौरीच्या सणांत सूप लागतेंच. एरवीं प्लास्टिकचें स्वस्त पडतें. शिवाय सराफाच्या दुकानीं मुकाट्यानें पैसे मोजणारे गृहस्थ बुरुडापाशीं पांच रुपयांसाठीं घासाघीस करितात, हें आम्ही पालकांच्या नजरेस आणूं इच्छितों.

कच्च्या मालाची अडचण निराळीच. वनस्पतिशास्त्राप्रमाणें बांबू हें गवत आहे. परंतु १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानें त्याची गणना वृक्षांत केली, आणि नव्वद वर्षें ती तशीच राहिली. २०१७ सालच्या दुरुस्तीनें बांबू त्या व्याख्येंतून गाळला. आतां स्वतःच्या शेतांतील मानवेल तोडून नेण्यास त्या कायद्याचा परवाना लागत नाहीं. पुण्याच्या बुरुड आळींत बसून विणणाऱ्यास याचा लाभ व्हावयाचा तर शेतकऱ्यांनीं बांधावर बांबू लावला पाहिजे. आणि लावलेलें बेट तोडणीस येण्यास चार-पांच वर्षें लागतात.