आभासी नगरांचा इतिहास आणि त्याची साधने

एखादे शहर उजाड झाले तरी जोत्याचे दगड, खापऱ्या, नाणी मागे राहतात. संगणकाच्या जाळ्यावर वसविलेल्या नगरांचे तसे नाही. ज्या सर्व्हरवर ते नगर उभे असते तो कंपनीने बंद केला की खापरीदेखील उरत नाही. अशा नगरांचा इतिहास कशावरून लिहावयाचा, हा प्रश्न ‘पोरांचा खेळ’ म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

१९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने ‘मड’ हा खेळ रचला. पुढे रिचर्ड बार्टल यांनी तो वाढविला. त्यात सारे शब्दांतच घडे. चित्ररूप नगर म्हणून विशेष गाजले ते लुकासफिल्मचे ‘हॅबिटॅट’ (१९८६). कमोडोर ६४ हा घरगुती संगणक दूरध्वनीच्या तारेला जोडून लोक त्यात वावरत. पडद्यावरील आपल्या आकृतीसाठी तेथे जो शब्द योजला गेला तो आपलाच : ‘अवतार’.

या नगरात चोऱ्या झाल्या, खून पडले, शेरीफ निवडला गेला. एका रहिवाशाने वृत्तपत्र चालविले. एक प्रसंग तर अर्थशास्त्राच्या वर्गात सांगावा असा आहे. एका विक्रीयंत्रात बाहुली ७५ टोकनांना मिळे आणि दुसरीकडचे यंत्र तीच १०० टोकनांना परत घेई. स्फटिकाच्या गोळ्याचे भाव असेच, १८,००० आणि ३०,०००. काही चतुर रहिवाशांनी रात्रभर खेपा घातल्या. सकाळी पाहतात तो नगरातील चलन पाचपट झालेले! गंमत अशी, की पुढे याच मंडळींनी त्या पैशातून इतरांसाठी गुप्तधन शोधण्याच्या स्पर्धा भरविल्या.

हे आपल्याला कळते ते चिप मॉर्निंगस्टार व रँडी फार्मर या निर्मात्यांनी नंतर लिहून ठेवले म्हणून. प्रायोगिक हॅबिटॅट १९८८ मध्ये बंद झाले. ओकलंडच्या एका संग्रहालयाच्या पुढाकाराने २०१६ साली त्याची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली झाली, आणि स्वयंसेवकांनी ते नगर पुन्हा चालू केले. काम मोलाचे, यात शंका नाही. परंतु त्या आज्ञावलीत यंत्र सापडेल. ती रात्र सापडणार नाही. रंगमंच जपला म्हणजे प्रयोग जपला असे होत नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयातील हेन्री लोवुड यांनी हाच मुद्दा २००९ च्या सुमारास मांडला. रहिवाशांच्या आठवणी, पत्रव्यवहार, पडद्याची चित्रमुद्रणे हीच खरी साधने, असे मला वाटते. अर्थात त्यांत खाजगी संभाषणे असणार. ती कोणाच्या संमतीने ठेवावयाची, हा पेच आहेच. कायद्याची अडचण वेगळी. अमेरिकेत २०१८ साली ग्रंथालये व संग्रहालये यांना बंद पडलेले खेळ जतन करण्यासाठी काही सवलत मिळाली, तीही संस्थेच्या आवारापुरती.

‘द सिम्स ऑनलाइन’ हे नगर २००२ च्या डिसेंबरात सुरू झाले आणि ‘ईए-लँड’ या नव्या नावाने १ ऑगस्ट २००८ रोजी बंद पडले. त्याचे अखेरचे तास स्टॅनफर्डच्या संशोधकांनी चित्रित करून ठेवले आहेत. अवतार जमतात, निरोप घेतात, आणि मग पडद्यावर संपर्क तुटल्याची सूचना येते. हे सारे दिसते ते चित्रण करणाऱ्या अवताराच्या जागेवरून. त्याच वेळी शेजारच्या घरात कोण कोणाशी काय बोलत होते, ते त्या घरात असलेल्यांनाच विचारावे लागेल.