मुलाची खोली, आपले ऑफिस आणि घरच्यांची प्रकृती

मुलगा पुण्याला नोकरीला लागला, मुलगी शिकायला बंगळूरला गेली किंवा लग्न होऊन सासरी नांदू लागली, की घरातली एक खोली मोकळी होते. पलंग मात्र तिथेच असतो. भिंतीवर बारावीचे वेळापत्रक चिकटलेले असते आणि कपाटात गाईडे तशीच असतात. इकडे बैठकीच्या खोलीत वडिलांच्या विम्याच्या, आयकराच्या किंवा सोसायटीच्या फायली टीपॉयवरून सोफ्यावर आणि सोफ्यावरून टीव्हीखाली फिरत असतात. २०२० च्या टाळेबंदीपासून तर लॅपटॉपवर घरूनच काम करणारी माणसे तालुक्याच्या गावीही दिसू लागली. मग एके दिवशी ठरते, ‘ती खोली नाही तरी रिकामीच आहे, तिथेच ऑफिस करू.’

निर्णय चांगला आहे. परंतु तो घेताना पाहुण्यांचा, पंख्याचा, प्लगचा विचार होतो, शरीराचा होत नाही. मग तीन-चार महिन्यांनी मान आखडणे, बोटांना मुंग्या येणे, डोळे चुरचुरणे, रात्री झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन माणूस दवाखान्यात येतो. गोळ्या देऊन थोडे बरे वाटते. कारण मात्र घरी त्या खोलीतच राहते. म्हणून आज त्या खोलीविषयीच थोडे सविस्तर पाहू.

मूळ अडचण कोठे आहे?

त्या खोलीतले सामान आपल्यासाठी घेतलेले नसते. टेबल मुलगा आठवीत असताना घेतलेले, खुर्ची त्याच्या उंचीची, दिवा त्याच्या डोळ्यांना पुरणारा. पन्नाशीचे शरीर तिथे बसवले की ते निमूटपणे वाकते, ताणते आणि पुढे दुखू लागते.

दुसरी गोष्ट, त्या खोलीला आता दोन कामे करायची असतात. कामाला लख्ख उजेड, ताठ बैठक आणि जागे मन हवे असते. झोपेला अंधार, शांतता आणि निवांत मन हवे असते. या दोहोंची सरमिसळ झाली की धड काम होत नाही आणि धड झोपही होत नाही. तेव्हा खोलीत सामान हलवण्याआधी एक सूत्र ठरवावे : कामाची जागा वेगळी, झोपेची वेगळी, मग खोली दहा बाय दहाची का असेना.

पलंगावर ऑफिस नको

पलंगावर तक्क्याला टेकून, मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप, हे चित्र घरोघरी दिसते. त्यात पाठीची कमान होते आणि मान पुढे झुकते. माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलो वजनाचे असते. पाच किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून उभे राहा आणि मग तीच हात लांब करून धरा, म्हणजे फरक कळेल. मान झुकली की मानेच्या मागच्या स्नायूंना तेच करावे लागते, तेही तासन्‌तास.

ही काही आजची व्याधी नव्हे. बर्नार्डिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० साली निरनिराळ्या व्यवसायांतील रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. लेखनिकांच्या दुखण्याची त्याने तीन कारणे सांगितली : सतत बसणे, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. दौत-टाक गेले, लॅपटॉप आला. कारणे तीच राहिली.

बैठक कशी मोजावी?

यासाठी महागडी खुर्ची लागत नाही. एक टेप आणि घरातले दुसरे माणूस पुरे.

प्रथम खुर्चीवर बसा. तळपाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत आणि गुडघे साधारण काटकोनात असले पाहिजेत. पाठ टेकल्यावर कमरेच्या पोकळीत आधार हवा. तो नसेल तर टॉवेलची गुंडाळी ठेवावी. आता खांदे सैल सोडून कोपरे अंगालगत ठेवा आणि हात पुढे करा. कोपराची जी उंची येईल, तीच टेबलाची योग्य उंची. टेबल त्याहून उंच असेल तर खांदे उचलले जातात आणि संध्याकाळी मान-खांदा भरून येतो. अशा वेळी खुर्चीवर टणक उशी घेऊन बसावे आणि पाय लोंबकळू नयेत म्हणून पायांखाली लाकडी पाट ठेवावा. कमी उंचीच्या स्त्रियांना हा पाट बहुधा लागतोच.

लॅपटॉपची एक अडचण असते. त्याचा पडदा आणि त्याची बटणे एकमेकांना जोडलेली असतात. हात नीट ठेवावेत तर मान वाकते, मान नीट ठेवावी तर हात वर जातात. रोज दोन तासांहून अधिक काम असेल तर वेगळा कीबोर्ड व माउस घ्यावा आणि लॅपटॉप जाड पुस्तकांच्या चळतीवर ठेवावा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली आणि अंतर हातभर असावे. दुहेरी भिंगाचा चश्मा वापरणाऱ्यांनी पडदा आणखी थोडा खाली घ्यावा. नाहीतर खालच्या भिंगातून पाहण्यासाठी हनुवटी सारखी वर केली जाते आणि मान दुखू लागते.

बैठक कितीही उत्तम असली तरी अर्ध्या-पाऊण तासाने उठलेच पाहिजे. मणक्यांमधील चकत्यांना प्रौढ वयात स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. हालचालीने होणाऱ्या दाब-सैलीतून त्यांचे पोषण होण्यास मदत होते. पोटऱ्यांचे स्नायू पायांतले रक्त वर ढकलतात. बसून राहिले की तेही थांबते. मधुमेही माणसाला तर उठून दोन-तीन मिनिटे चालणे हा औषधाइतकाच हिताचा भाग आहे. पाण्याचा तांब्या मुद्दाम स्वयंपाकघरातच ठेवावा, म्हणजे उठणे होते.

उजेड आणि डोळे

टेबल असे लावावे की खिडकी बाजूला येईल. खिडकी समोर असली की डोळे दिपतात, पाठीशी असली की पडद्यावर चकाकी येते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डावीकडून उजेड आल्यास कागदावर हाताची सावली पडत नाही.

विशीतल्या डोळ्याच्या मानाने साठीच्या डोळ्यात आतल्या पडद्यापर्यंत सुमारे एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. म्हणून मुलाला पुरणाऱ्या दिव्यात वडिलांना पावतीवरचे आकडे दिसत नाहीत आणि ते पुढे वाकतात. यासाठी टेबलावर स्वतंत्र दिवा हवाच. पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे आणि डोळे मुद्दाम मिटावेत, उघडावेत.

हवा, धूळ आणि वीज

बंद राहिलेल्या खोलीत धूळ साठते. गादी-उशांत डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे वाढतात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, भिंतींना आणि जुन्या पुस्तकांना बुरशी धरते. दमा किंवा सर्दीची ॲलर्जी असणाऱ्याने अशा खोलीत दिवसभर बसणे बरे नव्हे. गादीला कडक ऊन दाखवावे, चादरी-अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्याने धुवावेत, कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. ओल असेल तर रंग देण्याआधी गळती थांबवावी.

विजेबाबत दोन गोष्टी. एका बोर्डातून दुसरा आणि दुसऱ्यातून तिसरा अशी साखळी करू नये. तसेच इन्व्हर्टरची पाणी भरावी लागणारी बॅटरी या खोलीत पलंगाखाली ठेवू नये. भारित होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि तो पेट घेणारा असतो. तिची जागा हवेशीर पडवीत.

मूल घरी येते तेव्हा

दिवाळीला मुलगा घरी येतो. त्याच्या पलंगावर फायलींचे ढीग असतात, रात्री मॉडेमचे दिवे लुकलुकतात आणि पहाटे सहाला वडील ‘फक्त एक फाइल’ घ्यायला आत येतात. तो काही बोलत नाही. पण पुढच्या खेपेला चार दिवसांऐवजी दोनच दिवस राहतो. हे टाळता येते.

पलंग डोक्याकडून भिंतीला लावून खोलीच्या एका कडेला घ्यावा, टेबल दुसऱ्या कडेला. मध्ये पडदा किंवा पुस्तकांचे कपाट आले तर उत्तम. पलंगावर काम नाही आणि टेबलावर झोपेचे सामान नाही, असा दंडक पाळावा. मेंदूला जागेची सवय लागते. जिथे रोज हिशेब केले तिथे पडल्यावरही हिशेबच आठवतात. काम संपले की लॅपटॉपवर फडके टाकावे, दिवा मालवावा आणि दार ओढून घ्यावे. झोपण्यापूर्वी तासभर पडदा पाहू नये. रोज लागणाऱ्या फायली हँडलच्या एका पेटीत ठेवाव्यात, म्हणजे मुले घरी असताना पेटी उचलून जेवणाच्या टेबलावर चार दिवस काम भागते.

मनाचा भाग

आता सर्वांत नाजूक गोष्ट. खोली हलवण्याआधी मुलाला किंवा मुलीला फोन करून विचारावे. ‘तुझी खोली काढतोय’ असे सांगू नये. ‘तुझ्या खोलीत माझे टेबल लावू का? तुझे काय काय जपून ठेवू?’ असे विचारावे. एक कपाट, निदान एक खण, त्याचाच ठेवावा. वह्या, पदके, पत्रे परस्पर रद्दीत घालू नयेत. लग्न झालेल्या मुलीच्या बाबतीत तर हे फारच जपावे. माहेरी आपले काही उरले आहे, एवढा दिलासा तिला त्या एका खणातून मिळतो.

घरात राहिलेल्यांचेही मन असते. काही आया त्या खोलीत रोज दिवा लावतात, चादर झटकतात आणि थोडा वेळ तिथेच बसतात. वडील बोलून दाखवत नाहीत, खोलीत जायचेच टाळतात. ‘नुसते सामान तर हलवायचे’ असे म्हणून घाई करू नये. दोघांनी मिळून एकेक खण आवरावा. हुरहुर वाटणे हा आजार नव्हे, ती हळूहळू ओसरते. खोलीत पुन्हा माणसाचा वावर सुरू झाला की पुष्कळदा बरेच वाटते.

मात्र उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप आणि भूक गेली, कशातच मन रमेना, जगणे नको असे विचार येऊ लागले, तर वेळ न दवडता डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा २०२२ साली सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

बैठक सुधारून दोन-तीन आठवडे झाले तरी मान-पाठ दुखत असेल, हाताला मुंग्या येऊन पकड सैल होत असेल किंवा दुखणे पायात उतरत असेल तर तपासून घ्यावे. पाठदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा पायातली शक्ती एकाएकी गेली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

रविवारचे काम

येत्या रविवारी आधी फोन, मग टेप, मग हातोडी असा क्रम ठेवावा. सकाळी मुलाशी बोलावे. नंतर खिडकी उघडून गादी उन्हात टाकावी, टेबल खिडकीच्या बाजूला लावावे, कोपराची उंची मोजावी, पायांखाली पाट ठेवावा. पडदा उंचावण्यासाठी कपाटातली बारावीची जाड पुस्तके कामी येतील. ती घेऊ का, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावे.