काळ्या जमिनीवरील जुनी स्पोर्ट्स गाडी : स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर यांची निवड

परभणी जिल्ह्याचा बहुतांश भाग ज्या काळ्या, भारी जमिनीने व्यापलेला आहे, ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे तिच्यावरून गेलेला डांबरी रस्ता खड्डे पडण्याआधीच उंच-सखल होऊ लागतो आणि साईडपट्टी खचून डांबराची कड उघडी पडते. कपाशीला मानवणारी ही जमीन बसक्या गाडीला मानवत नाही. म्हणून जुन्या स्पोर्ट्स गाडीला, किंवा तिच्याऐवजी हौसेने जपलेल्या प्रीमियर पद्मिनीला, कमी उंचीच्या स्प्रिंगा बसवताना गाडी किती खाली येईल यापेक्षा खाली आल्यावर चाकाला वर सरकण्यासाठी किती जागा उरेल, याचा हिशेब आधी मांडावा लागतो. या जागेला येथे चाकाची धाव म्हटले आहे. स्थिर उभ्या गाडीचे चाक रबरी ठोकळ्याला, म्हणजे बंपस्टॉपला, टेकेपर्यंत जेवढे वर जाऊ शकते तेवढी ती धाव होय.

हा हिशेब न मांडता केलेल्या कामांचा अनुभव बहुधा एकाच वळणाने जातो. समजा, एखाद्या गाडीची धाव ८ सेंटिमीटर आहे आणि मालकाने ती ४ सेंटिमीटर खाली आणली. आता धाव निम्मी उरली. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दाबाच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे, शॉकॲब्सॉर्बरचा वाटा बाजूला ठेवला तर, पूर्वीचाच धक्का बंपस्टॉपला न टेकता पचवण्यासाठी स्प्रिंग चौपट कडक असावी लागते. तितकी कडक स्प्रिंग कोणी बसवत नाही, कारण तिच्यासह गाडीत बसवणार नाही. मग मधला मार्ग म्हणून थोडी कडक स्प्रिंग येते आणि उरलेला धक्का बंपस्टॉप, बुश आणि अखेर सांगाड्याचे सांधे सोसतात. दिसायला देखणी झालेली गाडी वर्षभरात खुळखुळू लागते, त्याचे कारण बहुधा हे असते.

स्प्रिंगचा एखादा वेढा कापून काम भागवण्याची प्रथा जुनी आहे. गुंडाळीच्या स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो आणि काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येशी व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणून ८ वेढ्यांचे ७ केले तर तो सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो, आणि तार १० टक्के जाड घेतली तर जवळजवळ दीडपट होतो. कापणे निदान मोजता तरी येते. गॅसच्या ज्वाळेने तापवून स्प्रिंग बसवणे हा मात्र शुद्ध अडाणीपणा आहे, कारण त्याने पोलादाचे पाणी उतरते आणि स्प्रिंग पुढेही बसतच राहते. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांबाबतही सोपी वाट चांगली नव्हे. पाटे एक्सलच्या खाली असतील तर मध्ये ठोकळा घालून गाडी खाली आणता येते, पण ब्रेक लावताना पाट्यांना पडणारा पीळ ठोकळ्यामुळे वाढतो. त्यामुळे कामात मुरलेल्या कारागिराकडून पाट्यांची कमान कमी करून घेणे बरे.

शॉकॲब्सॉर्बर, ज्याला गॅरेजमध्ये शॉकअप म्हणतात, तो गाडीचे वजन पेलत नाही. दबलेल्या स्प्रिंगची उसळी तेलाच्या रोधाने शमवणे हे त्याचे काम. स्प्रिंग ४० टक्के कडक केली तर पूर्वीइतकेच शमन राखण्यासाठी त्याचा रोध सुमारे १८ टक्के वाढवावा लागतो, आणि जुन्या गाडीतील शॉकअप आधीच थकलेला असतो. परभणीच्या रस्त्यांवर ही गोष्ट विशेष जाणवते. मऊ स्प्रिंगांवरील गाडीचे अंग साधारणतः सेकंदाला सव्वा वेळा वरखाली डोलते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना रस्त्यावरील चढउतार सुमारे १३ मीटरच्या अंतराने येत असतील, तर प्रत्येक चढउतार त्याच तालात धक्का देतो आणि थकलेल्या शॉकअपवर गाडी होडीसारखी हिंदकळते. हे हिंदकळणे मालक स्प्रिंगच्या माथी मारतो आणि आणखी कडक स्प्रिंग मागवतो. पुष्कळदा नवे शॉकअप घातल्यावर स्प्रिंग बदलण्याची गरजच उरत नाही.

लांबी हा दुसरा मुद्दा. आखूड स्प्रिंगबरोबर मूळचा लांब शॉकअप ठेवला, तर चाक लोंबकळताना स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटी होते. उलट बंपस्टॉप कापून आखूड केला असेल, तर दाबाच्या टोकाला त्याच्या आधी शॉकअपच तळाला टेकू शकतो आणि आतली झडप फुटू शकते. म्हणून दोन्ही वस्तू एकमेकींशी जुळवून, एकाच वेळी घ्याव्यात.

जिल्ह्यातील गतिरोधकांविषयी बोलताना थोडी भूमिती उपयोगी पडते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापांचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. २.३ मीटर अंतरावर पुढची-मागची चाके असलेली गाडी त्याच्या मध्यावर असताना चारही चाके त्याच उतारावर राहतात, त्यामुळे पोटाखालची जागा फक्त सुमारे ४ सेंटिमीटर कमी होते. गावाच्या वेशीवर रातोरात उठवलेला अरुंद, १५ सेंटिमीटर उंच उंचवटा मात्र दोन चाकांच्या मधोमध पूर्णच्या पूर्ण उभा राहतो, आणि तेथे चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, वाचत नाही. पाथरी, मानवतहून परभणीकडे येणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ सोडून आत वळणाऱ्याने आपल्या गाडीची उंची या दुसऱ्या मापाने ठरवावी.

खाली आणणे सर्वच गाड्यांत गैर नाही. एमजीबी ही ब्रिटिश गाडी १९७४ च्या अखेरीस अमेरिकेतील नियमांसाठी कारखान्यातच सुमारे २५ मिलिमीटर उंच केली गेली आणि तिचे वळणावरचे वागणे बिघडले. अशी गाडी जुन्या उंचीवर आणणे ही दुरुस्तीच होय. एरवी या जिल्ह्यात २० ते २५ मिलिमीटरच्या पलीकडे जाण्यात लाभ दिसत नाही.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मनाई करते, आणि २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरील गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी हवी असेल तर ती मूळ रूपात असावी लागते. सांगाड्याला हात न लावणारे, पुन्हा काढता येणारे बदलच म्हणून शहाणपणाचे, आणि मूळ स्प्रिंगा तेल लावून जपून ठेवाव्यात.

मोजमाप चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत घ्यावे, जमिनीपासून नव्हे, कारण टायरमधील हवेने ते बदलते. स्प्रिंग मागवण्यापूर्वी शॉकअपच्या उघड्या दांड्यावर प्लास्टिकची बारीक पट्टी घट्ट बांधून, टाकी भरून आणि दोन माणसे बसवून, नेहमीच्या रस्त्याने गंगाखेड किंवा जिंतूरपर्यंत जाऊन यावे. पट्टी जेथे सरकून थांबते तेथपर्यंतची धाव वापरली गेली, आणि शिल्लक राहिलेल्या अंतरातूनच गाडी खाली आणायची असते. नव्या स्प्रिंगा काही दिवसांत किंचित बसतात, म्हणून चाकांचे अलाइनमेंट आणि दिव्यांचा झोत त्यानंतर लावून घ्यावा.