टोले चुकतात तेव्हा

मालवण परिसरातल्या जुन्या घरांत अजून लंबकाची घड्याळं टांगलेली दिसतात. कुठे जर्मनीचं युंगहान्स, कुठे अमेरिकेचं अ‍ॅन्सोनिया नाहीतर सेथ थॉमस. त्यांतली कितीतरी मुंबईत नोकरीला असलेल्या माणसांनी आगबोटीने आणलेली. काटे बरोबर चालतात, पण तीन वाजता सात टोले पडतात. घरचे म्हणतात, ‘ह्या घड्याळाक पिसा लागला.’ मग आतलं यंत्र भंगारात जातं आणि पेटीत सेलचं मशीन येतं. हे मला बघवत नाही, कारण बहुतेक वेळा त्या यंत्रात मोडलेलं काहीच नसतं.

१. आधी चावी बघा. तबकडीवर दोन भोकं असतात. बहुतेक घड्याळांत उजवं चालीचं, डावं टोल्यांचं. आत दोन वेगळ्या स्प्रिंगा, दोन वेगळ्या चक्रमाळा. टोल्यांची चावी आधी संपली तर काटे पुढे जात राहतात आणि टोल्यांची मोजणी तिथेच अडते. पुन्हा चावी दिली की बऱ्याच घड्याळांत ती अडल्या जागेपासून पुढे मोजते. म्हणून आठवड्याचा एक वार ठरवून दोन्हीकडे चावी द्यावी.

२. यंत्र कोणत्या जातीचं आहे ते ओळखल्याशिवाय हात लावू नका. तासाचे टोले पडून गेले की टोल्यांचं यंत्र पुन्हा एकदा सोडून बघायचं. पुढचा आकडा वाजला तर खाचांच्या चक्राचं, तोच आकडा पुन्हा वाजला तर पायऱ्यांच्या चकतीचं.

खाचांच्या चक्राला काटे कुठे आहेत याचा पत्ता नसतो. त्याच्या कडेला कमीजास्त अंतरावर खाचा असतात. अडसर खाचेत पडला की टोले थांबतात. बारा तासांचे मिळून ७८ टोले, अर्ध्या तासाचा एकेक धरला तर ९०. जुन्या अमेरिकी घड्याळांत तबकडीखाली एक बारीक तार लोंबते. ती बोटाने वर उचलून सोडली की पुढचा आकडा वाजतो. आठ वाजून पाच मिनिटांनी सुरुवात करा आणि आठ टोले पडेपर्यंत उचलत राहा. साडेसातला आठ आणि आठला एक वाजत असेल तरी उपाय हाच. घाई मात्र नको, एक आकडा पुरता वाजू द्या, मगच पुढचा.

पायऱ्यांच्या चकतीचं काम याहून सोपं. १६७६ च्या सुमारास इंग्लंडात एडवर्ड बार्लो यांनी काढलेली ही युक्ती. ही चकती तासकाट्याच्या नळीलाच जोडलेली असते, त्यामुळे टोले चुकत नाहीत, काटा सरकलेला असतो. टोले मोजा, तासकाटा हलक्या बोटाने त्या आकड्यावर आणा, मग मिनिटकाटा पुढे फिरवून वेळ लावा.

३. काटे पुढेच फिरवावेत, तेही प्रत्येक टोल्याला थांबून. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली, ती मुंबईच्या वेळेच्या ३९ मिनिटं पुढे. मुंबईत जुनी वेळ १९५५ पर्यंत वापरात राहिली. तिकडच्या वेळेवर लावलेलं घड्याळ प्रमाणवेळेवर आणायचं तर ३९ मिनिटं पुढे न्यायचं, म्हणजे अर्ध्या तासालाही वाजणाऱ्या घड्याळात वाटेत एक तरी टोला आलाच.

४. खोबरेल नको! आमच्याकडे कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूवर ते ओततात. पण डिसेंबरच्या पहाटे बाटलीतलं तेल गोठतं, तसंच ते चाकांच्या टोकांशीही घट्ट होतं आणि पाचवा टोला अर्ध्यावर अडखळतो. वर खारी हवा, तिने पोलाद गंजतं. घड्याळाचं तेल थेंबभरच, तेही फक्त आस फिरतो त्या भोकात. दात्यांवर मुळीच नाही.

५. स्प्रिंगचा ताण सोडल्याशिवाय यंत्राच्या पट्ट्या उघडू नयेत. बोट तुटू शकतं. हे काम कारागिराचं, आणि तो सेलचं मशीन सुचवू लागला तर दुसरा कारागीर शोधावा.

६. चतुर्थी आटोपून घराला कुलूप लावणार असाल तर निघताना लंबक हाताने थांबवा. पुढच्या वेळी आलात की काटे फिरवत बसू नका. समजा काटे पावणेदहावर थांबलेत, तर पावणेदहा होईपर्यंत वाट बघा, दोन्ही चाव्या द्या आणि लंबकाला हलकासा झोका द्या. दहा वाजता दहाच टोले पडतील.