खरड छाटणी उरकली की डॅन्यूब

अगं, ती सहा देशांची यादी आधी बाजूला ठेव. सासूबाईंना घेऊन जाणार, त्यात तुमची पहिलीच परदेशवारी. एकच नदी धर, डॅन्यूब. जर्मनीतल्या पासाऊला बोटीत बसायचं, व्हिएन्ना, ब्रातिस्लावा करत बुडापेस्टला उतरायचं. आठवड्यात चार देश होतात, व्हिसा एकच शेंगेन, आणि बॅगा रोज भरा-उचला नको.

आता महिना. एजंट सांगेल सप्टेंबर-ऑक्टोबर, कारण तेव्हा तिकडे द्राक्षं उतरतात. पण तेव्हा मैंदर्गीत तुमच्या द्राक्षबागेत काय चाललेलं असतं? ऑक्टोबर छाटणी! मजूर मिळवा, पेस्ट लावा, त्यात परतीचा पाऊस झाला की डाऊनी रोगाची धास्ती. तुझे हे डेकवर बसून दिवसभर गड्यालाच फोन लावतील. तिकडची वेल थंडीत झोपते, म्हणून त्यांची मुख्य छाटणी एकदाच, हिवाळ्यात. आपली कधी झोपतच नाही, म्हणून आपल्या मागे एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची फळछाटणी. तेव्हा खरड उरकून सबकेनसाठी शेंडे मारून झाले की जूनमध्ये निघा. घड नाही दिसणार, फुलोरा दिसेल. ह्यांना त्यातही रस असेलच.

पाण्याचा भरवसा मात्र कुठल्याच महिन्यात नाही. पासाऊला तीन नद्या मिळतात, आणि तिथल्या नगरपालिकेच्या मनोऱ्यावर पुराच्या खुणा करून ठेवल्यात. जून 2013 चा पूर 1501 नंतरचा सगळ्यात मोठा. उलट 2022 च्या उन्हाळ्यात पाणी इतकं आटलं की बोटी अडकल्या. पूर आला तर बोट पुलाखालून जात नाही, पाणी आटलं तर तळ टेकतो. दोन्ही वेळा कंपनी तुम्हाला बसमध्ये बसवते. म्हणून पैसे भरण्याआधी विचार, बोट चालली नाही तर परत काय मिळणार, आणि ते लेखी घे. तोंडी आश्वासनावर जाऊ नकोस.

आणखी एक विचार, वाखाऊचं खोरं दिवसा पार करणार का? मेल्क ते क्रेम्स हा जेमतेम 36 किलोमीटरचा पट्टा, सगळ्या प्रवासाचा जीव. 2000 पासून जागतिक वारशात आहे. काही बोटी तिथून रात्री जातात, मग काय बघणार, अंधार? डोंगराच्या अंगावर चुना-सिमेंटाशिवाय रचलेले दगडी बांध आणि त्या अरुंद पट्ट्यांवर वेली. उतार असा की ट्रॅक्टर चढत नाही, कामं हातानंच. ह्यांना डेकवर पुढची खुर्ची पकडून दे, नाहीतर कुणीतरी टॉवेल टाकून ठेवतं. वर ड्युर्नश्टाइनचा पडका किल्ला दिसेल. इंग्लंडचा राजा रिचर्ड तिथं 1192-93 मध्ये कैदेत होता.

खोलीत पैसे घालू नकोस. बाल्कनीवाली महाग, आणि धक्क्यावर दोन बोटी शेजारी लागल्या की समोर दुसऱ्या बोटीची खिडकी. खालची स्वस्त पुरते. फक्त सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी लिफ्ट कुठल्या मजल्यापर्यंत आहे ते बघ, बऱ्याच बोटींत ती सगळ्यात खाली जातच नाही.

वाइनचं सासूबाईंना आत्ताच मोकळेपणानं सांगून टाक. जेवणाबरोबर ओततात, आपण ग्लास पालथा घालायचा. कुणी आग्रह करत नाही. ‘ट्राउबेनसाफ्ट’ माग, म्हणजे द्राक्षाचा रस. शाकाहारी जेवण बुकिंगच्या वेळीच लिहून दे आणि अंडं-मासळी चालत नाही हेही लिही, नाहीतर मासा वाढतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी ने, खुशाल. अक्कलकोटचे पेढे मात्र नाही, दुधाचे पदार्थ तिकडच्या कस्टममध्ये अडतात. सासूबाई ऐकणार नाहीत, म्हणून त्यांची पिशवी तूच भर.

कागदांचं आजच सुरू कर. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, त्यामुळे रिटर्नमध्ये आकडा बारीक दिसतो आणि व्हिसावाल्यांना शंका येते. सातबारा इंग्रजीत करून घे, बेदाण्याच्या विक्रीच्या पट्ट्या जोड, पैसे बँकेतूनच आलेले दिसू देत. अर्ज सहा महिने आधीपासून घेतात. बोटांच्या ठशांसाठी तिघांनाही पुण्याला जावं लागेल, तेव्हा उतरायला माझ्याकडेच या. लॉजबिज शोधत बसू नका.